थोयाची चिरिकू

थोया म्वारिंगाचं डोकं फिरलंय असं सगळं न्गोमेनी गाव म्हणायचं, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे. मी मिशी, इथल्या उपग्रह केंद्राच्या भटारखान्यात रांधते. मी नारळाच्या दुधातल्या तुरी मन लावून कराव्यात, आणि या बाबाने दोन घास खाऊन ताट तसंच टाकून पळावं. का, तर त्याची चिरिकू डोक्यावरून जायची वेळ झाली!

चिरिकू म्हणजे आमच्याकडचं एक बडबडं पाखरू. थोयाने ते नाव आकाशातल्या एका दुर्बिणीला दिलं होतं. फार फार लांब कुठेतरी एखादा प्रचंड तारा मरतो, मरताना भप्पकन पेटतो आणि बघता बघता विझतो. तो भडका दिसला की ही कोणाला न विचारता गर्रकन तिकडे तोंड वळवायची आणि जगभर बोंब ठोकायची, बघा, तिकडे बघा! ओरडायला तिला वर दुसऱ्या उपग्रहांची सोय होती, पण ऐकायची ती फक्त जमिनीवरच्या मोठ्या तबकडीचं. आमची तबकडी समुद्राकाठी आहे आणि ती चालवायचा थोया.

आला तेव्हा तो तबकडीभोवतीचं गवत कापायचा, बकऱ्या हाकलायचा. बाप माडी काढणारा. इटलीच्या साहेबांनी त्याला हळूहळू यंत्रावर बसवलं आणि मग तो तिथून उठलाच नाही. त्याची बायको उमाझी बाजारात मला म्हणायची, "घरात सात पोरं आहेत गं, पण ह्यांचा जीव आठवीत. बरोबरच आहे, तिला ना ताप येतो, ना तिची फी भरावी लागते!"

आणि एक दिवस चिरिकूचं दुखणं निघालं. तिला तोलून धरणारं एक चाक अडकलं, ती भिरभिरत गेली आणि तिची पाठ सूर्याकडे झाली. ऊन नाही तर वीज नाही. हाका मारल्या तर ओ देईना. थोया घरी जाईना, जेवेना. मी ओरडले, "अरे, तू मेलास तर ती उठणार आहे का?" तर म्हणाला, "मिशी, आज नको गं बोलूस."

सकाळी रोमहून साहेबाचा फोन आला. दुपारची फेरी शेवटची, पुढचं केंद्र येईपर्यंत बॅटरी टिकायची नाही. दोन हुकूम पाठवायचे होते. पहिला, तोंड उन्हाकडे कर. दुसरा, आता कितीही मोठा तारा मरो, अंगात बळ येईपर्यंत वळू नकोस.

थोयाने विचारलं, "साहेब, दुसरा आधी पाठवू? तिची खोड मला माहीत आहे."

"आधी ऊन, थोया. उन्हाशिवाय काहीच नाही."

आणि नेमकी त्याच दुपारी तबकडी फिरवणारी मोटर जळाली! खाऱ्या वाऱ्याने आतून कुरतडली होती मेलीला. थोया मोटरपाशी धावला. मग एकदम ओरडला, "हँडल! हाताने फिरवू!"

वादळात तबकडी बांधून ठेवायला खाली दोन हँडल आहेत. एकाने ती बाजूला वळते, दुसऱ्याने वर-खाली होते. पळत्या उपग्रहामागे ती हाताने कोणी फिरवत नाही. बाजूच्या हँडलला आमचा पहारेकरी जेफ्वा लागला, दुसऱ्याला मी. थोया आत बसून कर्ण्यावरून ओरडत होता, "मिशी, वर! अजून वर! जेफ्वा, थांब, थांब!"

चिरिकू भूमीकडून उगवली. थोया पहिला हुकूम पुन्हा पुन्हा सोडत होता आणि पलीकडे सगळं मुकं. जेफ्वाचे तळवे सोलून निघाले. ती डोक्यावर यायला लागली. बरोबर डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहामागे तबकडीला अर्धं गरकन फिरावं लागतं, ते हाताने होणं शक्यच नव्हतं.

"सोडा तिला!" थोया ओरडला. "मागे धावू नका. समुद्राकडे वळवा, तिकडे गाठू!"

आम्ही जीव खाऊन वळवली. तेवढा वेळ वाया चालला होता आणि मी रडत रडत हँडल मारत होते, खोटं कशाला सांगू. तबकडी समुद्राकडे वळली, मी खाली आणली, आणि कर्ण्यातून थोयाची किंकाळी आली, "बोलली! बोलली गं! ऊन मिळालं तिला!"

जेफ्वा तिथेच नाचायला लागला. थोया खेकसला, "नाच कसला करतोस! धर, अजून दुसरा जायचाय!" पण जेफ्वाच्या रक्ताने हँडल निसरडं झालं होतं, तबकडी हेलकावे खात होती. दुसरा हुकूम गेला, अर्धवट पोचला. पुन्हा सोडला. तेवढ्यात चिरिकू समुद्रापलीकडे मावळली.

रोमचा साहेब फोनवर हसत होता. "शाब्बास! पुढच्या फेरीला दुसरा पाठवू. तोवर काही होत नाही." थोया हसला नाही. मी आणलेला चहा त्याने हातात धरला, प्यायला नाही.

पुढच्या फेरीला आम्ही पुन्हा हँडलला लागलो. जेफ्वाच्या हातांना मी कमरेला गुंडाळलेला माझा लेसो फाडून बांधला होता. ती यायची वेळ झाली, डोक्यावरून जायची झाली, समुद्रात उतरायची झाली. एक चकार शब्द नाही. थोया शेवटपर्यंत आकडे ओरडत राहिला आणि आम्ही शेवटपर्यंत फिरवत राहिलो.

मग फोन वाजला. आत गेले तर साहेबाचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. मधल्या वेळात एक तारा मेला होता. चिरिकूने तो पाहिला, उन्हाकडचं तोंड फिरवलं, जगाला जागा सांगितली आणि होती नव्हती तेवढी वीज त्यात संपली. जगभरच्या दुर्बिणी आता तिकडे लागल्या होत्या.

"इतका लांबचा तारा आजवर कोणी पाहिला नव्हता, थोया!" साहेब म्हणत होता. "तुम्ही हाताने तबकडी फिरवली म्हणून. हे तुम्ही दिलंत आम्हाला."

जेफ्वाने मला हळूच विचारलं, "म्हणजे चांगलं झालं का वाईट?"



"साहेब," थोया म्हणाला, "मी तारा मागितला नव्हता. ती जगावी एवढंच मागितलं होतं."

आणि त्याने फोन ठेवून दिला.