चुन्याची रेघ

परवा अनसिंग गावातल्या आरा मशीनसमोरून जाताना ताज्या कापलेल्या कडुलिंबाचा कडवट वास आला आणि माझे पाय जागीच थांबले. काही वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात आमच्या गावात वादळ आलं, आणि रस्त्यापलीकडचा कडुलिंब उन्मळून रस्ता अडवत आमच्या घराच्या टिनांवर आडवा झाला. फांद्यांनी दार बुजलं, आई आत अडकली. वारा पडल्यावर ग्रामपंचायतीचा माणूस झाड कापायची मशीन घेऊन आला. त्यानं तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला, रस्ता आणि घर यांच्यामधल्या नालीच्या बरोबर वर खोडावर रेघ ओढली आणि म्हणाला, "रस्त्याकडचं पंचायतीचं, घराकडचं तुमचं तुमी पाहा." मी म्हटलं, "काका, इकडचं कापलं तं तिकडचं सारं खाली येईन. माय आत हाये." "मले रस्ता मोकळा कराले सांगेल हाये," एवढंच तो बोलला. मशीन सुरू झाली. भुसा माझ्या केसांत, तोंडात जात होता, टिनं कुरकुरत होती, आणि मी भिंतीला कान लावून आईला बोलतं ठेवत होते. खोड तुटलं तसं वरचं झाड हातभर खाली बसलं आणि आईचा आवाज बंद झाला. मी हाका मारत राहिले. बऱ्याच वेळानं आतून हळूच आलं, "मशीन बंद झाली का वं? मंग आता हे कोन काढते?" मी वळून पाहिलं, तर रस्ता मोकळा होता आणि पंचायतीचा माणूस निघून गेला होता. शेजाऱ्यांनी मागची भिंत फोडून तिला काढलं. परवा त्या वासात उभी राहून मी आधी आईला फोन लावला, आणि तिचा आवाज येईपर्यंत श्वास सोडला नाही.