डेल्फिनाची तीन पोती

आमच्या रोकामेल गावात मक्याच्या पिठाची पोलेंता, म्हणजे घट्ट घाटा, घरोघरी शिजते आणि त्याबद्दल कुणी कुणाचं कौतुक करत नाही. पण कार्निवलच्या मंगळवारी, उपासाचा काळ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, तीच पोलेंता चौकात, चाळीस किलो पिठाची, तांब्याच्या एकाच हंड्यात घाटली जाते आणि बारा गडी मिळून तो हंडा लाकडी फळीवर उपडा घालतात. पोलेंता अखंड उतरली तर दोऱ्याने कापायची. फुटली तर चमच्याने खायची. आणि हे चमचे शेजारच्या प्राताल्तो गावचे लोक टोपीत खोचून आणतात. आमच्याकडे यायचं म्हटलं की त्यांना एरवी गुडघेदुखी होते. त्या दिवशी मात्र बँडबाजासकट हजर.

गेली तीन वर्षं पोलेंता सलग फुटली होती. हंड्याचा मुख्य होता बत्तिस्ता, तोफेसारख्या आवाजाचा निवृत्त सुतार. पहिल्या वर्षी त्याने हवेला दोष दिला, दुसऱ्या वर्षी लाकडांना, तिसऱ्या वर्षी नगराध्यक्षांना.

चौथ्या वर्षीच्या सभेत डेल्फिना उभी राहिली. डेल्फिना म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं आचारीण असलेली बाई. उंची बेताची, मनगटं मात्र लोहाराची. अर्धं गाव तिच्या हातचं खाऊन आणि तिची बोलणी खाऊन मोठं झालेलं. ती म्हणाली, "यंदा घाटायचा दांडा माझ्या हातात द्या."

"बाईच्या हातात?" बत्तिस्ता गरजला. "आजवर कधी दिलाय?"

"आजवर तीनदा फुटलीही नव्हती. नव्या गोष्टींची सुरुवात तूच केलीस, बत्तिस्ता."

सभा हसली. बत्तिस्ता लाल झाला. "आणि फुटली तर?"

"तर दांडा तुझा. मी कार्निवलला चौकात पाऊल टाकणार नाही, जिवंत असेतो. पुन्हा कुठल्या बाईने मागितला तर माझं नाव सांग, गप्प बसेल."

ही पैज गावातल्या सगळ्याच बायकांची झाली. हरली असती तर ती एकटी हरली नसती.

आता आमचा एक रिवाज. कार्निवलच्या आधीच्या गुरुवारी ढोल वाजवत हातगाडी दारोदार फिरते आणि प्रत्येक घर एक मोठा वाडगा पीठ देतं. कुणाचंही पीठ नाकारायचं नाही. फार पूर्वी उपासमारीच्या वर्षी गाव असंच मूठमूठ एकत्र करून जगलं होतं म्हणे. पीठ नाकारणं म्हणजे त्या घराला गावाबाहेर काढणं.

डेल्फिना निघाली तेव्हा गाडीवर एकाऐवजी तीन पोती होती. दारात वाडगा आला की ती चिमूटभर पीठ बोटांत चोळायची, वास घ्यायची आणि तीनपैकी एका पोत्यात ओतायची. पहिल्या पोत्यात जात्यावरचं जाडं, दुसऱ्यात बारीक. तिसऱ्यात काय, हे दुपारपर्यंत साऱ्या गावाला कळलं: दुकानातलं, पाच मिनिटांत शिजणारं, पाकिटातलं.

नगराध्यक्षांच्या बायकोने फार ऐटीत वाडगा पुढे केला. "आमच्या आजोळचं आहे हो, खास."

"तुमच्या आजोळी पाकिटं छापतात वाटतं," डेल्फिना म्हणाली आणि पीठ तिसऱ्या पोत्यात गेलं.

संध्याकाळपर्यंत तिसरं पोतं सर्वांत जड झालं होतं. पाककृतींवरून एकमेकींशी वर्षानुवर्षं भांडणाऱ्या बायका दारं लावून बसल्या.

शेवटचं घर बत्तिस्ताचं. त्याने वाडगा दिला. डेल्फिनाने पीठ चोळलं आणि थांबली. परंपरेचा हा रखवालदारही पाकीटवाला! बायको रोझीना गेल्यापासून तो एकटाच जेवत होता. तासभर पोलेंता घाटायची कुणासाठी? ढोलवाल्यांनी माना लांब केल्या. डेल्फिना त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली, पीठ ओतलं आणि पोत्याचं तोंड बांधून टाकलं.

"कुठल्या पोत्यात गेलं?" ढोलवाल्याने विचारलं.

"तू ढोल वाजव."

मंगळवारी हंडा चढला. पाणी उकळलं तसं डेल्फिनाने फक्त पहिलं पोतं सोडलं आणि नावेच्या वल्ह्याएवढा दांडा फिरवायला लागली.

"बाकीचं विसरली!" प्राताल्तोचा बँडमास्तर ओरडला. टोपीतला चमचा त्याने पुसायलाही घेतला.

अर्ध्या तासाने बारीक पीठ पडलं. घाटा जड झाला, बुडबुडे फुटून हातावर चटके बसायला लागले. तेव्हा बत्तिस्ता पुढे आला. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. "म्हणजे आम्ही तिन्ही एकदम टाकत होतो. जाडं कच्चं राही आणि पाकिटाचं शिजून शिजून पाणी सोडी!"

"शाळेत तीस वर्षं वाटाणे आणि बटाटे एकाच भांड्यात शिजवलेत मी," डेल्फिना धापा टाकत म्हणाली. "एकदम टाकत नव्हते. बोलू नकोस, हंड्याचा कान धर, हलतोय."

बत्तिस्ताने मुकाट्याने कान धरला.

अगदी शेवटी तिसरं पोतं पडलं. पाच मिनिटं. मग दांडा हंड्यात सोडला तो सरळ उभा राहिला. तिने तो ओढून काढला, कडेने सुरी फिरवली आणि बारा गड्यांना हाक दिली. "एक, दोन, आणि जो घाबरेल त्याला मी बघून घेईन, तीन!"

हंडा उपडा झाला. वर उचलला. वाफेत काहीच दिसेना. मग वाफ सरली आणि फळीवर पोलेंता उभी होती: गोल, गुळगुळीत, पिवळीजर्द, एकही तडा नाही.

पहिली आरोळी बत्तिस्ताची. तोफ उडावी तशी. मग सगळं गाव. बायका तर अशा किंचाळल्या की प्राताल्तोचा बँड न सांगताच आमची धून वाजवू लागला. बँडमास्तरने चमचा खिशात घातला आणि पहिला तुकडा हाताने खाल्ला. "चांगली आहे," तो म्हणाला. प्राताल्तोच्या माणसाकडून एवढं म्हणजे पुतळाच उभारला म्हणायचा. डेल्फिना नगराध्यक्षांबरोबर नाचली, बत्तिस्ताबरोबर दोनदा.

दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, उपासाचा पहिला दिवस. चर्चमध्ये डेल्फिना आयुष्यात पहिल्यांदा उशिरा आली, तर सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. फादर एवाजिओ कपाळाला लावायची राख घेऊन तिच्यासमोर आले आणि नेहमीच्या गंभीर आवाजात म्हणाले, "माणसा, तू धूळ आहेस, हे विसरू नकोस."

"आजच्या दिवस राहू दे हो फादर," डेल्फिना म्हणाली. "उद्यापासून."