सरत्याबाहेरचं बी

प्रवचन संपलं की ऐकणारे उठून जात आणि पाद्रीबाबा एकटेच गोंधळून उभे राहत. "मास्तर, आज मी नेमकं काय सांगितलं हो?" असं मला खरोखर विचारत. तसे ते पाद्री नव्हते, मिशनचे साधे उपदेशक. पण आर्वीच्या बाजाराने त्यांना पाद्री करून टाकलं होतं. मी शाळेत नवा मास्तर, त्यांचा शेजारी. आता नवा जमाना आला, असली प्रवचनं कोण ऐकणार, असं मी त्यांना तोंडावर म्हणत असे.

"मलाही तेच कळत नाही," ते म्हणत आणि पुढच्या बाजाराला टाळ घेऊन निघत.

कडुनिंबाखाली आधी अभंगाच्या चालीवर येशूचं गाणं, मग गोष्ट. पेरणाऱ्याची गोष्ट त्यांची लाडकी. त्याने बी उधळलं. काही वाटेवर पडलं, काही खडकावर, काही चांगल्या मातीत. एकदा पुढे बसलेल्या सरजाबाईने त्यांना मध्येच थांबवलं. "बाबा, तो मानूस येडा होता का? गोट्यावर बी काऊन फेकून राह्यला? आमी तर सरत्यानं पेरतो."

बाजार हसला. बाबा हसले नाहीत. ते दुष्काळात आईबाप गेलेले, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेले. शेत त्यांनी दुरूनच पाहिलं होतं. मृग लागताच ते सरजाबाईच्या वावरात गेले. तिफणीमागे चालत सरत्याच्या नळीत शेणमातीत चोळलेली सरकी सोडायला तिने त्यांना शिकवलं. "एक दाणा बाहेर पडला नाही, मास्तर!" चिखलाच्या धोतरानिशी ते मला सांगत होते.

पुढच्या बाजाराला त्यांनी गोष्ट सुधारली. पेरणाऱ्याच्या हाती सरता दिला. सगळं बी तिफणीच्या तासात पडलं, सगळं उगवलं.

"मंग?" कोणीतरी विचारलं.

"मग काय... पीक आलं," बाबा म्हणाले.

मी मोठ्याने हसलो. त्याची लाज आजही वाटते. "खडक काढला तर गोष्ट जाते, ठेवला तर पेरणारा वेडा ठरतो," ते म्हणाले. "मग जन्मभर मी काय सांगत आलो?" त्यांनी बाजारात जाणं सोडलं.

पुढे त्यांची बदली झाली. जायच्या आधी ते एकदाच कडुनिंबाखाली उभे राहिले आणि जुनीच गोष्ट सांगितली. खडकापाशी येऊन थांबले. "सरजाबाई, तो वेडा होता की नाही, मला खरंच माहीत नाही. पण शहाण्याने पेरलं असतं, तर माझ्यासारख्या अनाथ पोराच्या वाट्याला दाणा आला नसता."

त्या दिवशी कोणी हसलं नाही.

पुढल्या मृगात मी सरजाबाईच्या वावरावरून जात होतो. पेरणी आटोपली होती. ओटीत उरलेली मूठभर सरकी तिने धुऱ्याच्या बांधावरच्या दगडांत भिरकावली.

"हे काय, सरजाबाई?"

"बाबाची हाये. नाई उगवली तं नाई."

ती उगवली का, हे पाहायला मी गेलो नाही. वाट रोजची होती, तरी मी दुसऱ्या वाटेने जाऊ लागलो. का, ते मला अजून कळलेलं नाही.