डोलकाठीचा काळा डाग

मंडळी, हात अजून काळे आहेत, तसाच टाइप करतोय.

आज चामोर्शीजवळच्या आमच्या नदीकाठच्या गावी बाबांची शिडाची नाव बाहेर काढली. बाबा गेले तेव्हापासून ती पडूनच होती. तिची डोलकाठी कोऱ्या अ‍ॅल्युमिनियमची, कधी रंग न दिलेली. पार पांढरट पडली होती. सकाळपासून पॉलिश पेपरने घासून चमकवली. आता वरून पारदर्शक वार्निश मारलं की पुन्हा पांढरी पडणार नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमची काळी पूड लागून हात-कपडेही काळे होणार नाहीत.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि माझ्या बनियनच्या खांद्यावरचा काळा डाग बघतच राहिली. जाळं ओढताना बाबा डोलकाठीला खांदा टेकवायचे. सदरा रोज काळा व्हायचा, आणि आई तो घासता घासता त्यांना रोज बोलायची.

"हे लावलं का मंग डाग पडत नाई?" तिनं विचारलं.

"नाई पडत."

"मंग खांद्यापाशी थोडी जागा सोड. मले भांडाले कोणी तरी पायजे."

वीतभर जागा कोरी सोडली आहे.

तुमच्या घरी आहे का असा एखादा डाग, जो आता कोणी घासत नाही?