मधलं वर्तुळ

विनी नांगालाच्या बापाचा झरा वाळूखाली आहे. वरून काही दिसत नाही. हातभर उकरलं की पाणी लागतं. जागा बापाकडून आलेली, म्हणून ती चितारायचा अधिकार विनीचा. पण आम्हा वाळवंटातल्या लोकांत एकट्यानं कोणी आपली जागा रंगवत नाही. जिला ती जागा आईकडून लाभते, ती राखणदार. तिनं शेजारी बसायचं, चुकलं की अडवायचं. तिनं ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय झऱ्याचं मधलं वर्तुळ भरायचं नाही.

विनीची राखणदार तिची आतेबहीण. ती गेली, म्हणून तिचं नाव आम्ही घेत नाही. उभा जन्म ती विनीच्या उजव्या हाताला बसली, मांडीवर कुत्रं, हातात चहाचा डबा.

“ठिपके देतेस की माश्या मारतेस गं?”

“तू गप चहा पी.”

“पितेच आहे. तेवढी टेकडी सरकव. तुझ्या बापानं नव्हती हलवली.”

विनी कुरकुरत पुसायची.

या आतेबहिणीच्या दुखवट्यात विनीनं केस कापले, अंगाला पांढरी माती फासली, झऱ्याला हात लावला नाही. दुखवटा फिटल्यावर तिनं कॅनव्हास अंथरला. वाळूच्या लाटा झाल्या, पावसाच्या रेघा झाल्या. मध्य कोरा राहिला.

कलाकेंद्राचा ग्रॅहम म्हणाला, “आजी, एवढं भरलं की झालं.”

“बघणार कोण?”

“मी बघतो ना.”

विनी हसली. त्या हिवाळ्यात तेवढंच.

राखणदार आता एकच उरली होती, विनीच्या आधीच वारलेल्या सख्ख्या बहिणीची मुलगी रोंडा. ती दूर ॲलिस शहरातल्या दवाखान्यात, डायलिसिसच्या यंत्राला बांधलेली. विनी गुंडाळलेला कॅनव्हास घेऊन ट्रकनं तिकडं गेली. खाटेजवळ तो पसरला आणि खडूनं टेकडी मुद्दाम उलट्या अंगाला काढली.

रोंडानं पाहिलं. “छान आहे, मावशी.”

विनीनं खडू पुसून टाकला. “छान म्हणायला दुकानदार आहेत.”

“मग काय म्हणू? मी तिथं गेलेच नाही. आई नेते नेते म्हणत राहिली, आणि मग हे यंत्र आलं.”

विनी गावी परतली नाही. गावाकडच्या कुणाच्या तरी ओसरीवर निजायची आणि रोंडाच्या डायलिसिसच्या दिवशी खाटेशी येऊन बसायची. पांढऱ्या चादरीवर बोटानं वाट काढायची. इथं गवत, इथं दगड, इथून तुझी आई पाणी आणायची. रोंडाला कधी डोळा लागायचा. मग विनी यंत्राच्या घरघरीला सांगत राहायची.

एका दुपारी बोट रोंडाच्या पायावरच्या चादरीवर फिरत होतं. डोळे न उघडताच रोंडानं विनीचा हात धरला.

“मावशी, टेकडी तिथं नाही. तिथं ठेवलीस तर पाणी उतरेल कुठून?”

“बरं बरं. कळलं. खेकसू नकोस.”

“म्हातारी झालीस. नीट बघ जरा.”

विनीनं मान खाली घातली आणि रंगाची डबी उघडली. दवाखान्याच्या फरशीवर बसून तिनं कॅनव्हासवर टेकडी तिच्या जागी काढली. रोंडा वाकून बघत होती, नळ्या ताणल्या जातील इतकी. “बरोबर,” ती म्हणाली, आणि विनीनं मधलं वर्तुळ भरलं.

रोंडाला यंत्र सोडता येत नव्हतं, विनी एकटीच गावी परतली. आता ती घरी लाटा काढते, पाऊस काढते, आणि मध्य कोरा ठेवून हात धुते. उजव्या हाताची जागा रिकामी असते. तिथं कुत्रं येऊन बसतं. मग विनी आल्यागेल्याला विचारते, ॲलिसला गाडी कधी निघणार.