ज्वारीच्या कोठीतले नाना

आमच्या व्याह्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं, त्याला लई वर्षं झाली. पोराच्या लग्नाची सुपारी होती. ते असे हसले, की दारात कुणी ट्रॅक्टर चालू केला म्हणून माझा भाऊ उठून बघायला गेला! त्या हसण्यापायी यंदा माझी कशी शोभा झाली, ते काय सांगू? चहा घ्या, सांगतो.

पोरगा-सून पुण्याला. चार दिवस नातीला आमच्याकडं कन्हेरीला ठेवून गेले. वर्षातले हेच माझे दिवस! मी कमी बोलणारा माणूस. पण चिमीला वासरू दाखवलं, उसाचं कांडं सोलून दिलं, खांद्यावर घेऊन बांधाबांधानं हिंडवलं. आणि संध्याकाळी पोरगी काय म्हणावी?

"आबा, इंदापूरच्या नानांना फोन लावा ना!"

व्याही मोबाईलवर घोड्यासारखे खिंकाळायचे. चिमी लोळून हसायची. फोन धरून मी उभा! फोन माझा, रिचार्ज माझं, कौतुक इंदापूरचं! जीव जळेल का न्हाय, तुम्हीच सांगा.

घरात मोबाईल तेवढा एकच. दुसऱ्या दिवशी गुपचूप ज्वारीच्या कोठीत पुरला. बायकोनं विचारलं, तर म्हटलं, "रानात पडला आसंल. उद्या हुडकू."

ती धार काढायला गेली आणि कोठी वाजायला लागली!

चिमीनं पत्र्याला कान लावला. "आबा, आत नाना आहेत!"

"न्हाय गं. उंदीर आसंल."

"उंदीर गाणं म्हणतो?"

"आताचं उंदीर म्हणत्यात."

पोरगी हलेना. "नाना, आत अंधार आहे का हो?" जेवली तिथंच. एक घास कोठीलाही लावला! मी सोललेलं कांडं घेऊन मागं बसलेलो. आता माणसाचं सोडा, पत्र्याच्या कोठीचाही मला राग यायला लागला.

तिकडं फोन कुणी उचलेना, पुढं तर लागेचना म्हणून सून घाबरली. तिनं वडलांना कळवलं. सकाळी व्याह्यांची मोटारसायकल दारात!

"आबा, समदी बरी हायेत न्हवं? रातभर डोळ्याला डोळा न्हाय!"

चिमीनं उडीच घेतली. "नाना, कोठीतून कधी निघालात?"

व्याही हसले. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"मोबाईल रानात हारवला," मी घाईनं म्हणालो.

"आरारारा! मंग मी ऱ्हातोच पोरगी हाय तवर. फोनबिगर तिला घोडा कसा दाखवनार?"

झालं! व्याही दारात आले म्हणजे मानपान आला. माझ्याच हातानं त्यांना टोपी घातली, टॉवेल दिला. टोपी सावरत ते घोडा झाले. चिमी पाठीवर.

"आबा, टोपी बसली का झ्याक?"

"बसली की," मी म्हणालो.

पाहुण्यांसाठी दळण काढायला बायकोनं कोठीत हात घातला. ज्वारीबरोबर मोबाईल वर आला. तिनं तो पदरानं पुसला. अंगणातल्या घोड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"गावला व्हय?" मी विचारलं.

तिनं मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला, दळणाची पाटी डोक्यावर घेतली आणि चक्कीकडं निघून गेली.