परीक्षेपुरतं स्पॅनिश

अमेरिकेतल्या शॉमबर्गमधल्या एका डे-केअरमध्ये, दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या खोलीत, आम्ही दोघी बरीच वर्षं एकत्र होतो. मी नागपूरची, ती मेक्सिकोतल्या मिचोआकानची. मला वर्क परमिट मिळालं आणि मी तिथे रुजू झाले, तेव्हा ती त्या खोलीत चांगली मुरलेली होती. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, ठेंगणी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि रडणारं कुठलंही मूल कमरेवर घेतलं की ते गप्प. इंग्रजी तिला कामापुरतं यायचं आणि माझं इंग्रजी तिला कळायचं नाही. पहिले काही दिवस आम्ही खाणाखुणांवर काढले.

मग एकदा मुलांचे हात धुताना तिने बाटलीकडे बोट दाखवून "हाबोन" म्हटलं. मी म्हणाले, "साबण." तिला वाटलं मी चुकीचं म्हणतेय, म्हणून तिने परत सांगितलं, "हाबोन." मी परत, "साबण." हे दोन्ही एकच शब्द आहेत हे लक्षात यायला आम्हाला थोडा वेळ लागला. त्यानंतर आमचा खेळच सुरू झाला. लिंबाला लिमोन, नारिंगाला नारान्हा, साखरेला आसूकार. पैसे देण्याला 'पागार' म्हणतात हे कळलं तेव्हा मी हसतच सुटले. तिला कारण समजावून सांगायचं, तर तेवढं स्पॅनिश तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

खोलीतल्या निम्म्या मुलांच्या घरी स्पॅनिश बोलायचे, त्यामुळे बघता बघता मीही बोलायला लागले. आपले त आणि द त्या भाषेत जसेच्या तसे चालतात, तिथे जीभ कुठे अडखळत नाही. वर्षभराने ती मला 'कोमाद्रे' म्हणू लागली. एकमेकींच्या मुलांच्या आयाच असाव्यात इतक्या जवळच्या बायका तिकडे एकमेकींना अशी हाक मारतात. मीही तिला तसंच म्हणायला लागले आणि आमची नावं मागेच पडली.

माझी बी.ए.ची डिग्री शेवटच्या वर्षात राहून गेली होती. लग्न ठरलं, नवऱ्याची कंपनी त्याला इकडे पाठवत होती, व्हिसाची घाई झाली, आणि परीक्षा नंतर देऊ म्हणता म्हणता मुलगी शाळेत जायला लागली. माझ्या बाबांनी आम्हा तिन्ही बहिणींना हट्टाने शिकवलं होतं. विहारातल्या रविवारच्या पाली वर्गालासुद्धा कधी दांडी मारू दिली नव्हती. दर रविवारी फोनवर तब्येत, थंडी, नात असं सगळं विचारून झालं की शेवटी ते म्हणायचे, "आणि ते डिग्रीचं?" रागाने नाही, सहज. पण विचारल्याशिवाय त्यांनी फोन कधी ठेवला नाही.

शेवटी मी एका युनिव्हर्सिटीत बालशिक्षणाच्या ऑनलाइन डिग्रीला प्रवेश घेतला. तिथल्या सल्लागार बाईंनी झूमवर सांगितलं की परदेशी भाषेची अट आहे. मी म्हटलं, मला मराठी येतं की. त्या म्हणाल्या, शाळेत मराठी शिकलात म्हणून अट माफ करता येईल, पण डिग्रीच्या हिशेबात धरतात ते क्रेडिट त्याचं मिळणार नाही, आणि तुम्हाला तर क्रेडिट कमी पडताहेत. मग त्यांनी दुसरा रस्ता सांगितला. वर्गात न बसता त्या विषयाची परीक्षा कॉम्प्युटरवर द्यायची. सगळ्या देशात परीक्षा एकच. ठरावीक मार्क पडले की एका वर्षाच्या अभ्यासाचं क्रेडिट, त्याहून जास्त पडले तर दोन वर्षांचं. "मराठीची परीक्षा नाहीये," त्या जरा ओशाळून म्हणाल्या. "दुसरी कुठली भाषा येते तुम्हाला?"

"हिंदी," मी म्हटलं. "थोडी पाली."

त्या यादीत शोधत राहिल्या. मग मला सुचलं, "आणि स्पॅनिश."

मला खरंच वाटत होतं की मला स्पॅनिश येतं. रोज आठ तास बोलत होते ना. शनिवारी दुपारी मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडला आणि सरावाची परीक्षा लावली. हेडफोनमध्ये एक माणूस कुठल्याशा ऑफिसला फोन करून पार्सलची तक्रार करत होता. मला 'पार्सल' कळलं, 'नाही' कळलं, बाकी सगळं भुर्रकन निघून गेलं. पुढे एक बातमी होती, ती तर संपल्यावरच लक्षात आलं की संपली. मग माझ्या लक्षात आलं की मला येतं ते स्पॅनिश म्हणजे 'पळू नको', 'इकडे ये', 'हात धू', 'त्याला चावू नको'. तेही सगळं लाडाचं. पाण्याला मी पाणी म्हणतच नव्हते, मम्मं म्हणत होते.

मुलगी शाळेत स्पॅनिश शिकत होती. ती माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. "आई," ती म्हणाली, "यू टॉक लाइक अ टॉडलर." मग माझा चेहरा पाहून तिने मला एक मिठी मारली आणि पटकन आपल्या खोलीत निघून गेली.

सोमवारी मी हे सगळं कोमाद्रेला सांगितलं. मला वाटलं ती हसेल, पण ती विचारात पडली. म्हणाली, "मी तुला काय शिकवणार? मी सहावीपर्यंत शिकलेली." मी व्याकरणातलं काही विचारलं की ती खांदे उडवून म्हणायची, "ते तसंच असतं." पण त्या दिवशी दुपारी मुलं झोपल्यावर तिने निर्णय जाहीर केला. खोलीबाहेर पोरांची भाषा बंद. जेवणाच्या सुट्टीत आपण मोठ्या बायकांसारखं बोलायचं.

तो हिवाळा आम्ही तिच्या जुन्या व्हॅनमध्ये जेवलो. बाहेर पार्किंगमध्ये बर्फाचे काळपट ढीग, आत हीटर, आणि रेडिओवर स्पॅनिश बातम्या. बातमी संपली की ती विचारायची, "काय म्हणाला तो?" मी सांगायचे. अर्धवट सांगितलं तरी ती मान डोलवायची, चुकीचं सांगितलं तर कपाळाला हात लावायची. माझी पोळीभाजी तिच्याकडे आणि तिचे मक्याच्या पिठाचे टमाले माझ्याकडे, हे तर ठरलेलंच. पण हवापाणी आणि भाजीचे भाव किती दिवस पुरणार? मला भूतकाळाची रूपं जमत नव्हती. म्हणून मी एक दिवस म्हटलं, "तुझं काहीतरी जुनं सांग. तू घरून निघालीस तो दिवस सांग."

तिने रेडिओ बंद केला. मग सांगू लागली, माझ्यासाठी सावकाश. एकोणीस वर्षांची होती. नवरा आधीच इकडे आला होता, त्याच्यामागे निघाली. सगळं गाव दारात जमलं होतं. आई मात्र परसात कोंबड्यांना दाणे टाकत होती. कोमाद्रे परसात गेली, आईच्या मागे उभी राहिली. आईने मागे वळून पाहिलं नाही, दाणे टाकत राहिली. त्यानंतर आईची भेट झालीच नाही. "तिने मला एक हाक मारली असती," कोमाद्रे म्हणाली, "तर मी गेले नसते."

हे 'असती तर नसते' मी वेबसाइटवर कितीदा वाचलं होतं, तक्ते करून भिंतीवर चिकटवले होते. ते मला त्या व्हॅनमध्ये समजलं.

आम्ही इतकी वर्षं रोज सोबत होतो. कुणाच्या पोराला कसली ॲलर्जी आहे, कोण कुणाला चावतं, हे एकमेकींना सांगत होतो. पण तिला आई होती, तिचं परस होतं, हे मला माहीत नव्हतं. विचारण्याइतकी भाषाच आमच्यात नव्हती.

काही दिवसांनी ती म्हणाली, आता तू सांग. मी माझ्या आईचं सांगितलं. ती शेवटची हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा आमचे ग्रीन कार्डाचे कागद अडकले होते. गेले असते तर परत येता आलं नसतं, मुलगी लहान होती. बहिणीने आईच्या कानाशी फोन धरला आणि मी इकडून बोलत राहिले. आई ऐकत होती की नाही, कुणालाच सांगता आलं नाही. हे मी नवऱ्याशीसुद्धा धड बोलले नव्हते. मराठीत ते तोंडातून निघतच नसे. स्पॅनिशमध्ये क्रियापदं शोधत शोधत बोलले म्हणून की काय, शेवटपर्यंत बोलू शकले. "कागद वेळेवर आले असते, तर मी गेले असते," मी म्हटलं, आणि क्रियापद चुकलं. तिने आधी ते दुरुस्त केलं. मला परत म्हणायला लावलं. मग माझा हात हातात घेतला. सुट्टी संपून गेली तरी आम्ही उतरलो नाही, आणि मॅनेजर बाईंचं बोलणं ऐकून घेतलं.

परीक्षा एका शनिवारी सकाळी होती, जवळच्या कम्युनिटी कॉलेजात. नवरा सोडायला निघाला होता, पण कोमाद्रे म्हणाली, मीच नेणार. तिने त्या दिवशी चांगला स्वेटर घातला होता, लिपस्टिक लावली होती, जणू तिचीच परीक्षा. पर्स, घड्याळ, फोन, सगळं लॉकरमध्ये ठेवून मी आत गेले. हेडफोन लावले आणि पहिलाच आवाज निघाला स्पेनमधल्या माणसाचा. 'स'च्या जागी त्याची जीभ दातांत. आम्ही ज्या भाषेत कोंबड्या आणि हॉस्पिटल बोललो होतो, ती ही नव्हेच असं वाटलं. दोन-तीन प्रश्न तसेच अंदाजाने सोडवले. मग एका बाईचा आवाज आला, साधा, आमच्या रेडिओवरच्या बाईसारखा, आणि मी सावरले. वाचनाचा भाग तर बरा गेला.

शेवटचं बटण दाबलं की मार्क तिथल्या तिथे स्क्रीनवर दिसतात. एका वर्षाचं क्रेडिट आरामात मिळालं होतं. दोन वर्षांचं थोडक्यात हुकलं.

बाहेर येऊन मी कोमाद्रेला तसंच सांगितलं. ती खुर्चीतून उठली. "कुणी तपासलं?"

"कॉम्प्युटरने."

"त्याला काय कळतं," ती म्हणाली. "मला विचारायला हवं होतं." मग तिने माझे दोन्ही गाल धरले, अगदी आमच्या खोलीतल्या मुलांचे धरते तसे.

आम्ही टाको खायला गेलो आणि तिथूनच मी बाबांना फोन लावला. नागपुरात उशीर झाला होता, पण ते जागे होते. निकाल त्यांनी मला दोनदा सांगायला लावला. मग विचारलं, "शिकवलं कोणी?" मी म्हटलं, इथेच आहे, आणि फोन स्पीकरवर टाकला. बाबा सावकाश, स्पष्ट म्हणाले, "जय भीम, ताई. थँक यू." तिला अर्थ कळला नाही, पण उत्तर द्यायलाच हवं हे कळलं. ती फोनवर वाकून म्हणाली, "याय बीम, सेन्योर." बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला.

डिग्री त्यानंतर दोन वर्षांनी पूर्ण झाली. मी मोठ्या मुलांच्या वर्गाची शिक्षिका झाले. त्याच सुमारास कोमाद्रेच्या मुलाला बाळ झालं आणि ती टेक्सासला त्याच्याकडे राहायला गेली. जायच्या आधी मी तिला म्हटलं होतं, "ती परीक्षा तू दे ना. तुला दोन वर्षांचं क्रेडिट सहज मिळेल."

"मला स्पॅनिश येतं हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "आणि कॉलेजच्या आधी शाळा असते, बाई."

तिकडे हे तिने सुनेला हसत सांगितलं, तर सुनेने ते मनावर घेतलं आणि तिला मोठ्या माणसांच्या शाळेच्या वर्गात घातलं. आता ती संध्याकाळी मला व्हिडिओ कॉल करते, मांडीवर नात, समोर वही. सध्या अपूर्णांक चालले आहेत. काल गाडी अंश आणि छेदावर अडली. अंशाला आणि छेदाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं, आणि तिलाही आठवत नव्हतं. ती चष्मा लावून पुस्तकात शोधत होती आणि मी इकडे कणीक मळत थांबले होते.